पोटाशी बांधलेली सरकी

नजमाला लग्न होऊन हिंगोलीच्या पिंजारी गल्लीत येऊन पाच महिने झाले होते. या पाच महिन्यांत नवरा तिच्याशी जेवढं बोलला होता तेवढं एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि वर पत्त्यालाही जागा उरली असती. जमील वाईट नव्हता. तो लाजाळू होता. अंगानं ताडमाड, दारातून आत येताना वाकायचा आणि बायको समोर दिसली की तसाच वाकलेला राहायचा. दिवसभर त्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीची तात तुंई-तुंई वाजायची, कापूस घरभर उडायचा. संध्याकाळी तो उठायचा तेव्हा पापण्यांवरसुद्धा कापूस बसलेला असायचा. नजमाला वाटायचं, पुसावा. पण कसा पुसणार? घर दोन खोल्यांचं, मधे गोणपाटाचा पडदा, आणि पडद्यापलीकडं खाटेवर सासू.

सासूचं नाव अमीरबी. नवरा गेल्यावर पिंजाऱ्याचा धंदा तिनं एकटीनं सांभाळला, पोराच्या हातात धनुकली दिली, गाद्या-रजया स्वतः शिवल्या. बाई मनानं मोकळी होती, पण तिचं उंदरांशी हाडवैर होतं. एकदा एका बड्या अंमलदारासाठी शिवलेली रेशमी रजई उंदरांनी एका रात्रीत चाळणीसारखी केली होती. तेव्हापासून अमीरबीची एक चप्पल पायात असायची आणि एक हाताशी.

१९३६ सालच्या थंडीत आखाडा बाळापूरकडचा ग्यानबा नावाचा शेतकरी मुलीच्या लग्नाच्या गाद्या भरून घ्यायला आला. कोठ्यात साठवलेला कापूस त्यानं बैलगाडीतून आणला होता. पहिलं पोतं उतरवताना त्यातून एक उंदीर टुणकन बाहेर पडला, आणि गल्लीतल्या बोक्यानं तो जमिनीला पाय लागायच्या आत उचलला. अमीरबी इतकी खूश झाली की तिनं बोक्याला अख्खी भाकरी टाकली आणि ही बातमी सांगायला शेजारच्या शालूबाईकडं गेली.

नजमा पोतं सोडून कापूस मोकळा करायला बसली. तळाशी तिच्या हाताला काहीतरी कोमट लागलं. लिंबाएवढा कापसाचा गोळा होता. तिनं तो अलगद उघडला. आत पाच पिल्लं होती. चार वाटेत दबून गार पडली होती. पाचवं सोललेल्या शेंगदाण्याएवढं, गुलाबी, डोळे मिटलेलं, हवेत पाय मारत होतं.

"ऐका की!" नजमा ओरडली.

पाच महिन्यांत तिनं नवऱ्याला पहिल्यांदाच हाक मारली होती. जमील धावत आला, वाकला, तिच्या तळहातावर काय आहे ते त्यानं बघितलं, आणि एकदम मागं उडी मारली. मागं पिंजलेल्या कापसाचा ढीग होता. त्यात तो छातीपर्यंत गेला.

"उंदीर हाय तो!" तो ढिगातून म्हणाला.

"पिल्लू हाय. तुमी उंदराला भेता?"

"हळू बोल. अम्मा ऐकल." जमीलनं कापसातून एक हात बाहेर काढून आपला डावा कान दाखवला. "लहानपणी एकानं चावला होता. हितं. बघ."

नजमाला हसू फुटलं. ओढणी तोंडात कोंबली तरी ते थांबेना. पिंजाऱ्याच्या घरात जन्मलेला, दाराच्या चौकटीला डोकं लागणारा माणूस शेंगदाण्याएवढ्या जिवाला भिऊन कापसात बुडाला होता. जमील आधी ओशाळला. मग त्याच्या लक्षात आलं, की ही हसते तेव्हा हिच्या नाकावर बारीक सुरकुत्या पडतात. तो ढिगातून हळूहळू बाहेर आला.

"मरंल ते," तो म्हणाला.

"न्हाई मरणार. वसमतला माहेरी मी खारीचं पिल्लू वाढवलंय."

"अम्माला कळलं तर?"

"मग अम्माला कळू द्यायचं न्हाई," नजमा म्हणाली. ही एवढी हिंमत आपल्यात कुठून आली, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

पिल्लाचं नाव तिनं सरकी ठेवलं. ते कापसात सापडलं होतं, आणि मादी होती असं तिचं ठाम मत होतं.

आता प्रश्न दुधाचा. शालूबाईकडं दोन शेळ्या होत्या. नजमा वाटी घेऊन तिच्या दारात गेली.

"मावशी, थोडंसं दूध देता? शेळीचंच पाहिजे."

"शेळीचंच? ते काहून गं?" शालूबाईनं विचारलं.

"पोटासाठी," नजमा म्हणाली. खोटं बोलायचं नव्हतं, आणि पिल्लाला ऊब म्हणून ते तिनं पोटाशीच बांधलेलं होतं. तळहाताएवढी थैली शिवून, त्यात पिंजलेला कापूस भरून, ती ओढणीखाली कमरेला गाठ मारून ठेवली होती.

शालूबाईनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, तिचा पोटावर ठेवलेला हात बघितला आणि वाटी काठोकाठ भरली. "रोज येत जा," ती म्हणाली. "दोनदा ये."

पाजायचं काम एकटीनं होणारं नव्हतं. दुधात पाणी घालून कोमट करायचं, त्यात कापसाची वात बुडवायची आणि वातीचं टोक पिल्लाच्या तोंडाशी धरायचं. नजमाच्या वाती जाड व्हायच्या. पहिल्याच घासाला दूध सरकीच्या नाकात गेलं, ती शिंकली आणि नाकावर मोहरीएवढा बुडबुडा आला. नजमा घाबरून रडायच्या बेतात आली. तेव्हा जमीलनं चिमूटभर कापूस घेतला आणि बोटांत फिरवून केसाएवढी बारीक वात वळून दिली. तिच्या टोकावर दुधाचा थेंब थांबला. सरकीनं तो चोखला. पोटाची कातडी इतकी पातळ होती, की आत उतरलेलं दूध पांढऱ्या ठिपक्यासारखं बाहेरून दिसायचं. दोघं डोक्याला डोकं लावून तो ठिपका मोठा होताना बघत राहिले.

"भरलं बघ," जमील पुटपुटला.

"अजून एक थेंब."

"बास. फुटंल."

"तुमी जेवताना मी असं म्हणते का?"

जमील हसला. त्याच्या पापणीवर कापूस होता. नजमानं तो पुसला. मग दोघंही इतके लाजले की वात दुधाच्या वाटीतच पडून राहिली.

दर दोन-अडीच तासांनी पाजावं लागायचं. पाजलं की ओल्या कापसानं पोट चोळायचं, म्हणजे पिल्लू लघवी करतं. हे खारीवरून नजमाला ठाऊक होतं. अमीरबी पाण्याला गेली की जमीलची तात थांबायची. ती परत यायच्या आत पुन्हा सुरू व्हायची. धोका वाटला तर जमीलनं तातेवर तीनदा थाप मारायची, असं ठरलं. एकदा त्यानं चुकून थाप मारली आणि नजमा पिल्लू, वाटी, वातीसकट ज्वारीच्या कणगीमागं जाऊन बसली. तिथं शालूबाईची शेळी आधीच उभी होती. नजमा तिला पाठीवर थोपटत, हसू दाबत, किती तरी वेळ तिथंच राहिली.

पण घरात काहीतरी वेगळं चाललंय हे अमीरबीला दिसत होतं. सूनबाई एकटीच हसत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. कापसाचं पोतं उचलायला सांगितलं तर ती "अम्मा, आज नको" म्हणायची, आणि बसता-उठता पोटावर हात धरायची. अमीरबीनं हे शालूबाईच्या कानावर घातलं.

"माझ्याकडून शेळीचं दूध नेऊन राहिली," शालूबाई म्हणाली. "पोटासाठी म्हणती."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. अमीरबीनं शालूबाईचे दोन्ही हात धरले. शालूबाईनं बोटं मोडून अमीरबीची दृष्ट काढली, आणि त्या दोघी पन्नाशीच्या बाया चुलीपुढं बसून लहान पोरींसारख्या खिदळल्या.

दुसऱ्या दिवशी अमीरबी जमीलच्या पुढ्यात येऊन बसली.

"तात थांबव," ती म्हणाली. "मला सगळं कळलंय."

जमीलच्या हातातली तातेवर मारायची मोगरी खाली पडली. "काय कळलं, अम्मा?"

"नजमाचं. पोटाशी काय हाय ते. तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशीच," जमील मान खाली घालून म्हणाला. "आठ दिवस झाले."

"आन् मला सांगितलं न्हाईस! काहून?"

"तू मारशील म्हणून."

"मारीन?" अमीरबीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे येड्या, मी काय राक्षसीण हाय? जीव हाय तो. अल्लानं दिलेला."

जमीलला आपल्या कानांवर विश्वास बसेना. ज्या बाईनं त्याच्या डोळ्यांदेखत शेकडो उंदीर चपलेनं झोडले होते, ती डोळे पुसत होती. त्याची जीभ सुटली.

"अम्मा, लई गोड हाय गं. डोळे अजून उघडले न्हाईत."

"आताच कसे उघडतील?" अमीरबी हसली.

"पण अंगावर लव यायला लागली. शेपूटबी लांब होऊन राहिली."

"मग बापावर गेलं," अमीरबी म्हणाली. पोराला थट्टा करता येते हे तिला इतक्या वर्षांनी कळत होतं. तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "आजपासून तिला वजन उचलू द्यायचं न्हाई. आन् तूप मी देते."

जमीलनं ही बातमी नजमाला सांगितली तेव्हा ती दोनदा जागच्या जागी फिरली. अम्मा रागावल्या नाहीत! उलट तूप देणार! त्या दिवसापासून तिच्या ताटात भाकरीवर तुपाची धार पडू लागली. शालूबाई चिंचा आणून देऊ लागली. गल्लीतल्या बायका दारावरून जाताना "कसं काय, पोरी?" विचारून डोळे मिचकावू लागल्या. एका उंदराच्या पिल्लासाठी सगळी गल्ली एवढी माया करते! हिंगोलीची माणसं फार मोठ्या मनाची आहेत, असं नजमाला वाटलं. ती तूप खात राहिली.

चार दिवसांनी शुक्रवार आला. अमीरबीनं गव्हाच्या पोळ्या कुस्करून गुळाचा मलिदा केला आणि दुपारी पाच-सहा बायकांना बोलावलं. त्याच सकाळी सरकीनं डोळे उघडले होते, मिरीच्या दाण्यासारखे, काळे, चमकणारे. नजमाला वाटलं, त्याचाच हा मलिदा असणार. हे सासूला कसं कळलं असेल, याचाही तिनं विचार केला नाही, इतकी ती खुशीत होती.

बायका बसल्या. जमील बाहेरच्या खोलीत तात जोडायचं निमित्त काढून थांबला. शालूबाईनं पिशवीतून एक कुंची काढली. जुन्या रेशमी खणाची, कडेला झालर लावलेली.

"डोळ्यांवर ताण पडला, पण शिवली," ती म्हणाली. "घे."

नजमानं कुंची उलटसुलट करून बघितली. "मावशी, लई मोठी झाली ही."

"वाढंल की अंगानं."

"एवढं न्हाई वाढत."

"काहून वाढणार न्हाई? चांगलं दूध पी, तूप खा."

"तूप मी खाते, मावशी. ती तर अजून दुधावरच हाय." नजमा खुदकन हसली. "दाखवू का सगळ्यांना?"

मलिद्याकडं गेलेले बायकांचे हात थांबले.

"काय दाखवून राहिली?" अमीरबीनं विचारलं.

"सरकी. आज डोळे उघडलेत तिनं." नजमानं ओढणीखालून थैली सोडली आणि तिचं तोंड कुंचीत उपडं केलं.

सरकी रेशमावर पडली. उठली. मागच्या पायांवर बसून तिनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि जमलेल्या बायकांकडं बघितलं.

पुढं काय झालं ते प्रत्येक बाईनं पुढं वेगवेगळं सांगितलं. एकदम तीन किंकाळ्या उठल्या. दोघी जणी अमीरबीच्या खाटेवर चढल्या आणि खाटेची दोरी तुटून जमिनीवर बसल्या. मलिद्याचं ताट कोणाच्या तरी पायानं दारापर्यंत गेलं. शालूबाई, जी एरवी शेळीला धरून उठायची, एका उडीत कणगीवर होती. सरकी घाबरून कुंचीतून निघाली आणि सरळ अमीरबीच्या दिशेनं पळाली. अमीरबीचा हात सवयीनं वर गेला. हातात चप्पल होती.

"अम्मा, न्हाई!"

जमील बाहेरून आला. वाकायचं विसरला, चौकटीवर डोकं आपटलं, आणि तसाच तो जमिनीवर पालथा पडून सरकत गेला. त्यानं दोन्ही तळव्यांची ओंजळ करून सरकीवर घातली. लहानपणी कान चावला म्हणून भिणारा जमील उंदीर ओंजळीत धरून आईच्या पायाशी पडला होता, आणि कपाळावर टेंगूळ येत होतं.

अमीरबीचा हात वरच राहिला. तिनं सुनेकडं बघितलं, मग थैलीकडं, मग शालूबाईकडं.

"म्हणजे..." ती म्हणाली, "म्हणजे न्हाई?"

"काय न्हाई, अम्मा?"

"तुला. काही न्हाई?"

नजमाच्या डोक्यात मग सगळं एकदम उलगडलं. दूध, तूप, चिंचा, बायकांचे मिचकावलेले डोळे, ही एवढी मोठी कुंची. ती कानापर्यंत लाल झाली. ओढणीनं तोंड झाकून तिनं नकाराची मान हलवली. जमील खालून आळीपाळीनं दोघींकडं बघत होता. त्याला समजायला आणखी थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं कपाळ जमिनीला टेकवलं आणि ते वर उचललंच नाही.

अमीरबी तुटलेल्या खाटेच्या कडेवर बसली. खरं तर तिला लागलं होतं. गेले चार दिवस ती मनातल्या मनात नाव ठरवत होती. वसमतला नजमाच्या आईला निरोपही गेला होता.

"चार दिवस मी तुला तूप चारलं," ती हळू आवाजात म्हणाली.

"व्हय, अम्मा." नजमाचे डोळे भरले.

"आन् तू खाल्लंस."

"लई चांगलं होतं," नजमा हुंदका देत म्हणाली.

अमीरबीच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिनं तो आवरला. तो पुन्हा हलला. तेवढ्यात कणगीवरून शालूबाईचा आवाज आला, "अमीरबी, शेपूट बापावर गेली म्हणलीस ना गं तू?" आणि अमीरबीचा बांध फुटला. ती हसली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत, मधेच "या अल्ला" म्हणत. खाटेच्या दोरीत अडकलेल्या दोघी हसल्या. नजमा रडता रडता हसली. कणगी हसण्यानं इतकी हलू लागली की शालूबाईला उतरवायला चौघी लागल्या.

हसून झाल्यावर अमीरबीनं चप्पल पायात घातली. "दाखव," ती जमीलला म्हणाली. जमीलनं ओंजळ थोडी उघडली. सरकी थरथरत होती.

"थंडीनं कापून राहिली," अमीरबी म्हणाली. "तसंच धरून काय बसलास? झाक तिला."

दोन दिवसांनी नजमाची आई लाडूंचा डबा घेऊन वसमतहून आली, खरी हकीकत ऐकून आधी कपाळाला हात लावून बसली, आणि मग लाडू सगळ्या गल्लीत वाटून गेली. कोणी विचारलं की अमीरबी सरळ सांगायची, "सुनेला उंदीर झाला. दोघी सुखरूप हायत." काही दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता.

सरकी आता उघड उघड वाढू लागली. ज्वारीचे दाणे कुरतडायला लागली, भाकरीचा पापुद्रा दोन्ही हातांत धरून खायला लागली, जमीलच्या बाहीतून चढून त्याच्या कानामागं जाऊन बसायला लागली. पहिल्या वेळी जमील डोळे गच्च मिटून स्तब्ध राहिला होता. मग सवय झाली. ती कानाशी असली की तो नजमाला सांगायचा, "ही म्हणून राहिली की आज तू दमलीस." नजमा म्हणायची, "तिला म्हणावं, तुझ्या नवऱ्यानं पाणी भरावं." "तिचा नवरा कुठाय?" "मग माझ्या." असं काहीही चालायचं, आणि पडद्याआडून अमीरबी ओरडायची, "दोघं झोपा आता, नाहीतर तिघांना हाकलीन." स्वतः मात्र ती निवडलेल्या ज्वारीतले टपोरे दाणे बाजूला काढून ठेवायची, आणि कोणी बघितलं तर म्हणायची, की कबुतरांसाठी आहेत. गल्लीत कोणाकडं कबुतरं नव्हती.

महिनाभरानं सरकीनं अमीरबीच्या पानाच्या चंचीची नाडी कुरतडली आणि आतली सुपारी लांबवली. अमीरबीनं चंची हातात धरून फिरवून बघितली.

"आता हिचं सासर बघायला पाहिजे," ती म्हणाली.

नजमाला ते ठाऊक होतं. सरकी आता रात्रभर टोपलीच्या काड्या चावायची आणि सकाळी नाक बाहेर काढून हवा हुंगत बसायची. तिला शेत पाहिजे होतं.

एका दुपारी शालूबाईसकट चौघं जण निघाले. सरकी गाडग्यात, गाडगं नजमाच्या कडेवर. कयाधूच्या काठानं थोडं पुढं गेल्यावर ज्वारीचं रान लागलं. कणसं भरली होती, बांधावर बोरीची काटेरी झुडपं होती. काटे असल्यामुळं मांजर येत नाही, हे जमीलनं आदल्या दिवशी येऊन बघून ठेवलं होतं. अमीरबीनं पदराखालून मूठभर पिंजलेला कापूस काढला आणि झुडपाच्या बुडाशी ठेवला.

"रुखवत दिलंस की," शालूबाई म्हणाली.

"थंडी हाय," अमीरबी गुरकावली.

नजमानं गाडगं आडवं केलं. सरकी तोंडाशी आली. मिशा हलवल्या, ज्वारीकडं बघितलं, बोरीकडं बघितलं, आणि कापसाचा एक पुंजका तोंडात धरून झुडपाखाली गेली. एकदा पानं हलली. मग हललीच नाहीत.

नजमा रिकामं गाडगं मांडीवर घेऊन बांधावर बसली. तिला रडू येत होतं आणि छातीत काहीतरी हलकं होऊन वर वर चाललं होतं, दोन्ही एकदम. जमील शेजारी उकिडवा बसला. त्याला काय बोलावं सुचेना, म्हणून तो बोलायला लागला. लहानपणी कान चावणारा उंदीर किती मोठा होता, त्याला लोळवताना धनुकलीची तात कशी तुटली, बापानं मार द्यायचा सोडून कसं हसायला सुरुवात केली. नजमानं विचारलं, मग? मग त्यानं पुढचं सांगितलं. ती म्हणाली, तिच्या खारीनं एकदा मामाची टोपी पळवली होती. त्यानं विचारलं, कशी?

अमीरबी आणि शालूबाई पुढं चालत होत्या. वळणावर येऊन शालूबाईनं मागं बघितलं. दोघं बांधावरच बसलेली होती. नजमा हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि जमील हसून मागं कलंडत होता.

"थांबायचं का त्यांच्यासाठी?" शालूबाईनं विचारलं.

"काहून?" अमीरबी म्हणाली आणि पावलं उचलली. "बोलू दे की. आज भाकरी मी टाकते."